नेहमीची जागा

आमच्या लिंटन पार्क या उपनगरात मार्चमधल्या एका सोमवारी सुट्टी असते. तिच्या आदल्या रविवारी एक शर्यत होते. जोडीत दोन माणसं आणि सायकल मात्र एक. पहिला सायकलवर पुढे जातो, ठरलेल्या जागी सायकल सोडतो आणि पळायला लागतो. दुसरा मागून पळत येतो, ती सायकल उचलतो, पहिल्याला मागे टाकतो आणि पुढच्या जागी सोडून पुन्हा पळतो. बारा किलोमीटरमध्ये असं तीनदा. सायकलला कुलूप लावायचं नाही. शेवटी दोन्ही माणसं आणि सायकल नव्वद मिनिटांच्या आत मैदानावर पाहिजेत. शर्यतीचं नाव बरंच लांब आहे, पण सगळे तिला नुसतं 'अर्धी' म्हणतात. "यंदा अर्धी पळताय का?" असं दुकानातसुद्धा विचारतात.

मी एकवीस वर्षं अर्धी पळाले, बाबाबरोबर. आमचा क्रमांक सात, यादीत 'पास्को आणि पास्को'. रस्ते चालू असतात म्हणून तीसच जोड्यांना परवानगी मिळते आणि क्रमांक दर वर्षी त्याच जोडीकडे राहतो. एखाद्या वर्षी नव्वद मिनिटांत पोचलं नाही तर क्रमांक जातो. मग ताटकळणाऱ्यांच्या यादीत शेवटी नाव लिहायचं आणि तीनचार वर्षं वाट बघायची. हा नियम बाबानेच लिहिला होता.

नोव्हेंबरात बाबा गेला. जानेवारीत मी ग्लेनिस होडला फोन केला. ती क्लबची चिटणीस, आणि घड्याळही तीच लावते.

"घरातलं माणूस चालतं, टॅम," ती म्हणाली. "बाहेरचं नाही. माणूस गेल्यावर एकच वर्ष ही सवलत."

"घरात आता आई आहे, ग्लेनिस. तिच्या कमरेत स्टीलचा सांधा आहे."

"भाऊ आहे ना तुला?"

भाऊ होता. डेन्झिल, माझ्याहून चार वर्षांनी लहान. वीस वर्षांचा असताना देशाच्या पार उत्तर टोकाला, डार्विनला गेला, तिथे फेरीबोटींची इंजिनं दुरुस्त करतो. बाबाच्या अंत्यविधीला आला आणि चौथ्या दिवशी परत गेला. त्या चार दिवसांत आम्ही जे बोललो ते बहुतेक खुर्च्या, गाड्या आणि सँडविच यांच्याबद्दल.

मी त्याला फोन केला. सात नंबर जाऊ द्यायचा नाही, एवढंच मला सांगायचं होतं. तेवढंच सांगितलं.

"एका नंबरासाठी मी साडेतीन हजार किलोमीटर यायचं?" तो म्हणाला.

"तीन हजार."

"रस्त्याने धर ना. बरं. येतो."

तो शुक्रवारी आला. शनिवारी दुपारी आम्ही मागच्या अंगणात सायकल काढली. बाबाची हिरवी, लोखंडी. तिची सीट माझ्या उंचीला जरा जास्त आणि बाबाच्या उंचीला जरा कमी अशी बसवलेली, म्हणजे दोघांनाही सारखीच अडचण. डेन्झिल आमच्या दोघांहून उंच. त्याने पाना आणला.

"राहू दे," मी म्हणाले.

"टॅम, माझे गुडघे हनुवटीला लागतील."

"बाराच किलोमीटर आहेत. त्यातले सहा तर पळायचेत."

त्याने पाना खाली ठेवला. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. "तुमच्या बापानेही तिला कधी हात लावू दिला नाही," ती म्हणाली. "लग्नासाठी माझा हात मागितला तेव्हा मी सायकलचाही विचार करायला हवा होता."

मग मी कागदावर रस्ता काढला. सुरुवातीला सायकल माझ्याकडे. पहिली सोड बोलिंग क्लबच्या कुंपणापाशी. तिथे तो सायकल घेईल. दुसरी सोड ट्रामच्या थांब्यावर. तिथून मी घेईन.

"आणि तिसरी नेहमीच्या जागी," मी म्हणाले.

"ठीक आहे," डेन्झिल म्हणाला.

एवढंच आमचं बोलणं. मी कागदाची घडी करून त्याच्याकडे दिली आणि त्याने ती खिशात ठेवली.

रविवारी सकाळी साडेसातला सुटलो. आमच्याकडचा उन्हाळा मार्चपर्यंत असतो, तो अजून गेला नव्हता. सिमेंटने बांधलेल्या ओढ्याकाठी गवत पिवळं पडलेलं, घराघरांपुढे कचऱ्याचे डबे अजून बाहेरच. मी सायकलवर. सात नंबरचं कापड पाठीवर, आईने दुसऱ्या वर्षी शिवलेलं. त्याच्या कडेची टीप एका जागी वाकडी आहे, कारण तेव्हा मशीन बिघडलं होतं. बोलिंग क्लबच्या कुंपणाला सायकल टेकवली आणि पळायला लागले. दुसऱ्या टप्प्याच्या मध्यावर डेन्झिल सायकलवरून माझ्याशेजारून गेला. गुडघे खरंच वर येत होते.

"बदक दिसतोयस," मी ओरडले.

"तुझ्या बापाची सीट!" तो मागे न बघता ओरडला.

या शर्यतीत जोडीदार एवढाच दिसतो. तो मागून येतो, बाजूने जातो आणि संपतो. पुढे काय करतो ते कळत नाही, आणि मागे असतो तेव्हा तर मुळीच नाही. बाबा आणि मी एकवीस वर्षं एकत्र पळालो, म्हणजे एकवीस वर्षं एकमेकांना वर्षातून दोनतीनदा पाच-पाच सेकंद ओलांडलं. एकत्र असण्याचा हा प्रकार मला त्या काळात पुरेसा वाटायचा.

ट्रामच्या थांब्यावरून मी सायकल घेतली. डेन्झिलला ओलांडलं तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला होता आणि त्याने नुसता हात हलवला. मी सर्कल ओलांडलं, तिसऱ्या घरापाशी उतरले, फाटकावरून आत हात घालून कडी काढली, सायकल लिंबाच्या झाडामागे लावली, फाटक ओढून घेतलं आणि पळत सुटले. हे करायला मला विचार करावा लागला नाही. हात ते करत आले होते.

बावन्न मिनिटांनी मी मैदानावर पोचले. आईने संत्र्याच्या फोडी पुढे केल्या.

"बरा पळतोय का?"

"बरा पळतोय."

बाबाची वेळ धरली तर सायकल आणखी पाचसात मिनिटांत यायला हवी होती. शेवटच्या टप्प्यात बाबाला नेहमी उशीर व्हायचा, चारेक मिनिटं. ग्लेनिसच्या कागदांवर सगळं आहे. आधीच्या वर्षांत नव्हता, मग एका वर्षापासून सुरू झाला आणि कायमचा राहिला. मी एकदा त्याला म्हटलं होतं, "बाबा, शेवटच्या वळणावर डुलकी काढतोस का?" तर तो म्हणाला, "गुडघे, बाई. गुडघे." त्यानंतर मी त्याच्या गुडघ्यांवर लक्ष ठेवायला लागले. त्याला पट्टे आणून दिले. त्याने ते घातलेसुद्धा.

साठ मिनिटं झाली. पासष्ट झाली. एकोणसत्तराव्या मिनिटाला डेन्झिल मैदानाच्या कोपऱ्यावर दिसला. तो पळत होता. सायकल नव्हती.

तो आला आणि गवतावर गुडघ्यांवर बसला.

"कुठे आहे?" तो म्हणाला.

"काय?"

"सायकल, टॅम! कुठे ठेवलीस? प्रत्येक कुंपण बघत आलो. प्रत्येक खांब. एका माणसाला तर विचारलं, त्याला वाटलं माझी चोरीला गेली. तो पोलिसांना बोलवत होता."

"नेहमीच्या जागी," मी म्हणाले, आणि म्हणतानाच मला कळलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी तिसऱ्या सोडीवर आमची सायकल खरोखरच चोरीला गेली होती. दोन दिवसांनी ओढ्यात सापडली. त्या वर्षी नव्वद मिनिटांच्या अटीतून चोरीची सूट मिळाली, आणि पुढच्या वर्षापासून बाबाने सर्कलपलीकडच्या मिसेस फेमियांशी बोलून सायकल त्यांच्या फाटकाच्या आत ठेवायची व्यवस्था केली. रस्त्यावरून दिसत नाही. ही जागा दोनच माणसांना माहीत होती. त्यावेळी डेन्झिल डार्विनला होता.

"तू ठीक आहे म्हणालास," मी म्हणाले.

"मग काय म्हणणार होतो? नेहमीची म्हणजे कुठली, असं विचारायचं तुला? 'एकोणीस वर्षं आला नाहीस म्हणून माहीत नाही' हे ऐकायला?"

"मी तसं म्हणाले नसते."

"तू म्हणाली नसतीस. तू तोंड तसं केलं असतंस."

आईने त्याच्या हातात संत्र्याची फोड दिली. ग्लेनिस घड्याळ घेऊन दोन पावलं पुढे आली. "एकाहत्तर," ती म्हणाली. "सायकल दोघांपैकी कुणीही आणली तरी चालते. पण मार्गाने यायला हवी."

मी हिशोब केला. फेमियांचं घर मार्गाने तीन किलोमीटर आहे, पण ओढ्यावरच्या पादचारी पुलावरून गेलं तर एकच. सायकलवर परत यायला आठ मिनिटं. आरामात जमण्यासारखं होतं.

"मी जाते," मी म्हणाले.

डेन्झिल उठला. "मीही येतो."

"तुला चालवत नाहीये."

"मला बघायचीय ही नेहमीची जागा."

तो माझ्यामागे लंगडत पळत होता. पुलावर मी त्याच्यासाठी थांबले नाही, पण वेग कमी केला. फाटकापाशी पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात अठ्ठ्याहत्तर मिनिटं झाली होती. म्हणजे बारा मिनिटं हातात, त्यातली आठ सायकलची. चार उरत होती.

मी हात घालून कडी काढली. सायकल लिंबामागेच होती. तिच्याशेजारी, पायरीच्या कठड्यावर, लिंबू सरबताचा पेला होता. त्यावर बशी झाकलेली. मिसेस फेमिया पायरीवर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, काळ्या झग्यात, उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये.

"उशीर," त्या म्हणाल्या.

"मिसेस फेमिया, माफ करा, आम्ही सायकल घेऊन लगेच..."

"हा लांबडा कोण?"

"माझा भाऊ. डेन्झिल."

"जो गेला तो?"

"तोच," डेन्झिल म्हणाला.

"आलास म्हणजे. पी." त्यांनी बशी उचलली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पेला एका दमात रिकामा केला. सरबतात मीठ होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"चला, आता," मिसेस फेमिया उठल्या. "हंडा."

"कसला हंडा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारायला नको होतं ते विचारलं. "उद्या सुट्टी. उद्या सॉस. टोमॅटो आले, बारा पेट्या, ते बघ. पहाटे चारला पाणी ठेवायचं. माझा पुतण्या रेमो येणार नऊला, गॉगल लावून. आणि हंडा कुठे? वर. दर वर्षी काम झाल्यावर तो मूर्ख वर टांगतो, जिराफासाठी टांगल्यासारखा. मग ऑब्री येतो आणि खाली काढतो."

"बाबा?" मी म्हणाले.

"सायकल ठेवायची तर भाडं नको? मी पहिल्याच वर्षी सांगितलं. तो म्हणाला, चालेल. मी शिडी धरते, तो चढतो. सरबत पितो, जातो. चार मिनिटं." त्यांनी प्लॅस्टरचा हात वर केला. "यंदा मला शिडी धरता येत नाही. माणसं दोन आली, बरं झालं."

"तुम्हाला माहीत आहे ना," मी हळू म्हणाले, "बाबा नोव्हेंबरात..."

"मला माहीत आहे. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर मी होते. तू निळा कोट घातला होतास, त्याचं एक बटण नव्हतं." त्यांनी लिंबामागे बोट दाखवलं. "पण सकाळी सायकल आली. सायकल आली म्हणजे माणूस येणारच. सायकल काय एकटी येते?"

डेन्झिल हसला. मी त्या तीन दिवसांत त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"त्याने मला कधी सांगितलं नाही," मी म्हणाले.

"मी म्हटलं होतं त्याला, पोरीलाही आण, सरबत देते. तो म्हणाला, नको, ती घड्याळ बघते."

मी घड्याळ बघितलं. एक मिनिट गेलं होतं.

"चार मिनिटांचं काम आहे," डेन्झिल म्हणाला. "तीन आहेत. चल."

हंडा गॅरेजमध्ये होता. जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचा, आत एक मूल बसेल एवढा मोठा, वरच्या वाशाला दोरीने टांगलेला. शिडी लाकडी होती आणि खालची फरशी एका बाजूला उतरती. डेन्झिल चढला, मी शिडी धरली. मिसेस फेमिया दारात उभ्या राहून सूचना करत होत्या.

"डावीकडून! ऑब्री डावीकडून सोडायचा."

"बोटीची इंजिनं उतरवतो मी, मिसेस फेमिया."

"बोटीत टोमॅटो शिजवतोस का? डावीकडून!"

रेमोची गाठ सुटेना. डेन्झिलने नखांनी, मग दातांनी प्रयत्न केला. दोरी ओली असताना बांधलेली आणि वाळून दगड झालेली. दोन मिनिटं गेली, मग तीन. माझ्या हाताखाली शिडी उतरत्या बाजूला सरकत होती. मी पाय लावून ती रोखली.

"किती झाले?" त्याने वरून विचारलं.

"ब्याऐंशी."

"तू जा. सायकल घेऊन आत्ता निघ, पोचशील. मी करतो."

"शिडी सरकतेय."

"सांभाळीन मी. टॅम, तुझा सात नंबर आहे. त्यासाठीच मला बोलावलंस ना? जा."

मी वर पाहिलं. त्याच्या बुटाचा तळवा माझ्या डोळ्यांसमोर होता. उजव्या टाचेपाशी रक्ताचा डाग मोज्यातून बाहेर आला होता. त्याने बाबाचे जुने बूट घातले होते, हे मला आत्ता दिसलं. त्याला ते लहान होते. त्याने ते मागितले नव्हते आणि मी दिले नव्हते. आईने दिले असणार.

मी शिडी धरून राहिले. त्र्याऐंशी झाली. सायकल चालवायला आठ लागतात.

"आता झालं," मी म्हणाले. "सावकाश सोड."

"काय झालं?"

"वेळ गेली. तू गाठ बघ."

त्याने पुन्हा गाठीला दात लावले. मग म्हणाला, "चाकू द्या कुणीतरी." मिसेस फेमिया म्हणाल्या, "दोरी कापायची नाही, चांगली आहे." शेवटी गाठ सुटली. हंडा एकदम खाली आला नाही. त्याने तो खांद्यावर घेतला, मग माझ्या हातात सोडला, आणि आम्ही दोघांनी तो उचलून अंगणात नळाखाली ठेवला. आत कोळ्यांची जाळी होती आणि तळाशी मागच्या वर्षीच्या टोमॅटोची एक वाळलेली साल.

मिसेस फेमियांनी हंड्यात वाकून पाहिलं. "ऑब्री पुसूनही द्यायचा," त्या म्हणाल्या.

डेन्झिलने पुसला. मी पाणी सोडलं.

मग मी सायकलवर बसले आणि मार्गानेच परत गेले. घाई नव्हती, तरी मी जोरात चालवली. डेन्झिल पुलावरून चालत आला.

मैदानावर बहुतेक लोक गेले होते. ग्लेनिस रेषेपाशी खुर्ची टाकून बसली होती. मी आले तसं तिने घड्याळ थांबवलं.

"सत्त्याण्णव."

"माहीत आहे."

"पंक्चर झाली का? पंक्चरला सूट नाही, पण मी लिहून ठेवते."

"पंक्चर नाही. हंडा काढत होतो."

ग्लेनिसने चष्म्यावरून पाहिलं आणि हंड्याबद्दल विचारलं नाही. "तुझ्या बापाने एकदा माझ्या सख्ख्या भावाला काढलंय," ती म्हणाली. "एक्याण्णव मिनिटांवर. वर त्याच्याचकडून कागदावर सही घेतली."

"मी सूट मागत नाहीये, ग्लेनिस."

"मागशील असं वाटलंही नव्हतं."

यादीत पहिल्या त्रान बहिणी होत्या. त्या चार वर्षं थांबल्या होत्या. त्यांनी सकाळभर पाणीवाटपाचं काम केलं होतं. ग्लेनिसने हाक मारली तेव्हा दोघी पळतच आल्या आणि माझा चेहरा बघून चालायला लागल्या. मी पाठीवरचं कापड काढलं. थोरलीने ते दोन्ही हातांनी घेतलं.

"टीप एका जागी वाकडी आहे," मी तिला सांगितलं. "धुताना तिथे ओढू नका."

"पिना आमच्या," आई मागून म्हणाली. "कापड क्लबाचं, पिना आमच्या." तिने चारही पिना मोजून घेतल्या आणि पर्समध्ये टाकल्या. मग मला विचारलं, "असुंता फेमियाकडे गेला होतात?"

"तुला माहीत होतं?"

"दर वर्षी या रविवारी त्याच्या खांद्याला गंज लागलेला असायचा. मी विचारलं नाही. शर्ट भिजत घालायची."

डेन्झिल आला. बूट हातात होते, मोजे नव्हते. एका काखेत मिसेस फेमियांच्या मागच्या वर्षीच्या सॉसच्या दोन बाटल्या. तो गवतावर आडवा झाला. ग्लेनिस वही घेऊन त्याच्यावर वाकली.

"यादीत नाव घालायचं का? शेवटचं असेल. चार वर्षं तरी लागतील."

तो माझ्याकडे बघत नव्हता. आकाशाकडे बघत होता. "घाला," तो म्हणाला. "पास्को आणि पास्को."

"ती सवलत एकाच वर्षाची होती."

"सवलत नको. नवी जोडी म्हणून घाला."

ग्लेनिसने लिहिलं आणि ती खुर्ची मिटायला गेली. आई संत्र्याच्या साली गोळा करत होती. मी सायकल गवतावर आडवी ठेवली आणि त्याच्या शेजारी बसले. त्याच्या टाचेची कातडी निघाली होती.

"सीट वर घ्यायची," तो म्हणाला.

"थोडी."

"आणि टॅम, आता नीट सांग. कुठे आहे ती जागा."

"आत्ताच तर बघून आलास."

"पुलावरून आलो. मार्गाने येताना कुठे ते सांग. सगळं सांग."

मी सांगितलं. ट्रामच्या थांब्यानंतर सरळ. सर्कल ओलांडायचं, मग डाव्या हाताचं तिसरं घर. फाटक हिरवं आहे, पण उन्हात राखाडी दिसतं. कडी आतल्या बाजूला. वरून हात घालून काढायची, ढकलायचं नाही. आत गेल्यावर लिंबाचं झाड, आणि सायकल त्याच्या मागे. आणि चार मिनिटं जास्त धरायची.

त्याने ते डोळे मिटून पुन्हा म्हटलं. उजव्या हाताचं तिसरं घर म्हणाला. मी डाव्या म्हणून दुरुस्त केलं, आणि त्याने पहिल्यापासून सुरू केलं.